जळालेल्या गाडीची दुरुस्ती

ताडपत्री ओढली आणि आधी वास आला. गंजाचा, उंदरांच्या बिळाचा, आणि त्या सगळ्याच्या तळाशी दडून राहिलेला करपलेल्या रबराचा. इतक्या वर्षांत तो विझला कसा नाही? वैशाखाची सकाळ होती, आर्णीच्या आमच्या अंगणात कडुनिंबाची सावली अजून लांब होती, आणि त्या सावलीत बाबांची मोटारसायकल उघडी पडली होती: टाकी काळीठिक्कर, बैठकीच्या जागी नुसत्या स्प्रिंगा, तारांची जळून आकसलेली जुडी. ताडपत्रीचं दुसरं टोक धरलेला मेकॅनिक भास्कर एकदम थबकला.

"कोनाची हाय हे गाडी, ताई?"

"बाबांची," मी म्हणाले.

त्याने पायरीवर बसलेल्या बाबांकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, गाडीची दशा पाहून घाबरला असेल.

ही जपानी बनावटीची शंभर सीसीची गाडी बाबांनी नोकरी कायम झाल्यावर घेतली होती. तिच्या टाकीवर पुढे बसून मी अर्धा जिल्हा पाहिला. बाबा कापसाचे ग्रेडर होते. मूठभर कापूस घ्यायचा, चिमटीत धागा ओढून डोळ्यांसमोर धरायचा आणि एका शब्दात सांगायचं: पहिल्या दर्जाचा, दुसऱ्या दर्जाचा, की हंगामाच्या शेवटचा निकस, म्हणजे फरतड. वर्षभराच्या घामाचं मोल एका माणसाच्या चिमटीत असावं, ही केवढी भयंकर गोष्ट! पण लहानपणी मला त्या चिमटीचा अभिमानच वाटायचा.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. बाबांची नेमणूक तेव्हा ढाणकीच्या बाजूला एका खरेदी केंद्रावर होती. बैलगाड्यांच्या रांगा चार-चार दिवस हलायच्या नाहीत. माणसं गाडीखालीच झोपायची, आणि त्यांच्या डोळ्यांत झोपेऐवजी एक कोरडी धग साचत जायची. एका दुपारी प्रतवारीवरून बोलाचाली झाली, गर्दी उसळली आणि बाहेर उभ्या असलेल्या या गाडीला कुणीतरी काडी लावली. चौकीदाराने माती टाकून ती विझवली. पोलिसांना बाबांनी सांगितलं, धूर होता, कोणी दिसलं नाही. जळकी गाडी ट्रकमधून घरी आली आणि ताडपत्रीखाली गेली. त्यानंतर दारात कोणतीही मोटारसायकल थांबली की आई हातातलं काम टाकून उभी राहायची. ती जाईपर्यंत तिची ही सवय सुटली नाही.

निवृत्तीनंतर बाबांचा उजवा हात थरथरू लागला आणि बोलणं आटत गेलं. मी शाळेत शिकवते. दिवसभर बोलून घरी यावं तर घरात हा अबोला. आणि एके दिवशी जेवता जेवता ते म्हणाले, "थे गाडी चालू करून दे मले, पोरी." एवढंच. का, ते सांगितलं नाही. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचा जाणकार म्हणून मी भास्करला बोलावलं.

तो दर रविवारी येऊ लागला. जाम झालेला पिस्टन आठवडाभर रॉकेलमध्ये मुरवला, तेव्हा कुठे तो कुरकुरत सुटला. कार्बोरेटर उघडला, त्यात मातीचे खडे निघाले. यवतमाळच्या भंगारातून जुनी बैठक मिळाली. हळूहळू त्या सांगाड्यात गाडीचा आकार परतत होता, आणि मला आनंद व्हायला हवा होता. पण अंगणात काहीतरी ताणलेलं होतं. भास्कर चहा प्यायला पायरीपर्यंत यायचा नाही. बाबांशी एक शब्द बोलायचा नाही. आणि बाबा? ते गाडीकडे पाहतच नव्हते. ते सकाळपासून दुपारपर्यंत फक्त त्याच्या हातांकडे पाहायचे. दोन माणसांमध्ये असं काय असतं, जे तिसऱ्याला दिसत नाही, पण ज्याच्या भाराने तिसऱ्याचाही श्वास जड होतो?

पाचव्या रविवारी तो टाकी घासत होता. पॉलिश पेपरखाली काजळीचा थर निघत होता, खालचा मूळचा लाल रंग कुठे कुठे जखमेसारखा उघडा पडत होता. अचानक त्याचे हात थांबले.

"बाबूजी," तो टाकीकडेच पाहत म्हणाला, "काडी म्या लावलती."

मला आई दिसली, दाराशी उभी, हातातलं पीठ तसंच. "निघ इथून," मी म्हणाले. त्याने पॉलिश पेपर खाली ठेवला आणि उठला.

"बस रे," बाबा म्हणाले. "मले माहीत हाय. तवाच पाह्यलं होतं मी तुले."

"मंग पोलिसाले काहून नाही सांगतलं?"

बाबांनी थरथरता हात दुसऱ्या हाताने दाबून धरला. ते म्हणाले, "तुया बापाचा कापूस चांगला होता. पांढराशुभ्र. लांब धाग्याचा. चारचौघांत तो माह्यावर ओरडला, म्हनून मी फरतड म्हनलं."

अन्याय झालेल्या बापाची मुलगी म्हणून मी किती सहज जगत आले होते! ते सोयीचं दुःख त्या एका वाक्याने माझ्या हातून काढून घेतलं. आता कोणावर रागवायचं? भास्करने शिवी दिली असती, तो रडला असता, तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "हे मले नका सांगू, बाबूजी. बुढा घरी हाय अजून. त्याले सांगा."

मला वाटलं होतं, तो परत येणार नाही. पुढच्या रविवारी तो आला. टाकीला रंग दिला, नव्या तारा ओढल्या. कितव्या तरी किकला गाडी खोकली, निळा धूर सोडून धडधडू लागली. आणि आमच्यापैकी कोणीही हसलं नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही फुलसावंगीला, भास्करच्या बापाच्या गावी गेलो. भास्कर गाडी चालवत होता, मागे बाबा त्याच्या खांद्याला धरून, आणि त्यांच्या मागे स्कूटीवर मी. महागाव मागे पडलं तशी माझी धास्ती वाढत गेली. उलट्या पावली परत फिरावं, असं किती वेळा वाटलं!

भास्करचा बाप ओसरीत अंबाडीचा दोर वळत बसला होता. त्याने बाबांना ओळखलं, दोर थांबला. बाबा बसले नाहीत. उभ्याउभ्याच, अडखळत, अंगणात सांगितलं तेच त्यांनी पुन्हा सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. म्हातारा ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी पाहत होते. पण तिथे राग नव्हता, एक भीती पसरत चालली होती.

"तुमच्यावर इश्वास ठेवला मी, सायेब," तो म्हणाला. "गाडी जाळली पोरानं, पन मी घरी येऊन याच्या मायवर हात उचलला. म्हनलं, तुनंच ओला वेचला, तुनंच पालापाचोळा मिसळला. वर्षं झाले, तेच म्हनत राह्यलो." मग त्याने घराच्या अंधाराकडे तोंड केलं. "ऐकलं काय वं? कापूस चांगला होता."

दारात एक कृश म्हातारी आली. कापूस वेचून वेचून तिची बोटं टोकाशी चिरलेली होती. तिने बाबांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "म्याच वेचला होता नं. मले कोनी इचारलंच नाही."

ती आत गेली. आत भांड्याचा आवाज झाला. ती पाण्याचा गडू घेऊन आली, आणि तो बाबांच्या हातात न देता ओसरीच्या कडेवर ठेवून पुन्हा आत गेली. बाबा वाकले. दोन्ही हातांनी त्यांनी तो गडू उचलला, आणि पाणी सांडत सांडत, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.