माठात बुडवलेली नळी

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत पाटोद्याच्या अर्जुनरावांनी एरंडेलापासून कृत्रिम राळ बनवण्याचा कारखाना काढला. राळ शिजवायला बंकट होता आणि तिचा रेणुभार मोजायला उत्तरेश्वर. हैदराबादेत रसायन शिकून आल्यामुळे उत्तरेश्वरला स्वतंत्र खोली आणि ‘मास्तर’ ही पदवी मिळाली; बंकटच्या वाट्याला भट्टीची धग आली.

राळेचा रेणू म्हणजे लांबलचक साखळी. ती जितकी लांब, तितके राळेचे द्रावण बारीक काचनळीतून सावकाश उतरते. आधी नुसता द्रावक, मग द्रावण, दोन्हींना उतरायला लागणारा वेळ एकाच तापमानाच्या पाण्यात नळी बुडवून मोजायचा आणि तुलनेवरून रेणुभार काढायचा.

एके दिवशी सकाळी द्रावक मोजून झाला आणि नळी बुडवायचे पाणी ज्यात असे ते तांब्याचे घंगाळ गळू लागले. उत्तरेश्वरने पाणी कोपऱ्यातल्या रिकाम्या माठात ओतले, नळी त्यात सोडली आणि तापमान पुन्हा न तपासताच दुपारी मोजणी केली. द्रावण फार सावकाश उतरले. ‘साखळी पुरती वाढली,’ असे समजून त्याने हाक दिली, “बंकट, उतरव कढई!”

त्या राळेचे रोगण गिऱ्हाइकाच्या दारांवर वाळलेच नाही.

“भट्टीपाशी झोपला होतास का बे?” अर्जुनराव गरजले.

“न्हाई मालक, मास्तरांनी सांगितलं तवाच उतरवली.”

“म्हणजे मास्तरांचं माप खोटं? मग तूच बस खुर्चीवर, मी फुंकतो भट्टी!”

बंकटला काढून टाकले. उत्तरेश्वर शेजारीच उभा होता.

त्याच दुपारी पाणी पिताना त्याचा तळवा पिण्याच्या माठाच्या ओल्या पाठीला लागला आणि तो दचकला. माठ पाझरतो, म्हणून पाणी गार होते. हे घरातली लहान मुलगीही जाणते. गारव्यामुळे आलेला दाटपणा त्याने साखळीच्या लांबीचा मानला होता. राळ कच्ची होती, आणि तिला कच्ची उतरवणारा तो स्वतः होता.

अर्जुनरावांना सांगायचेच, असे ठरवून तो उठला. दारात बंकट उभा, आपली घोंगडी न्यायला आलेला.

“मास्तर, तुमीच सांगा, म्या झोपलो व्हतो का?”

उत्तरेश्वरची नजर आधी मालकांकडे गेली. पलीकडे अर्जुनराव पान लावत बसले होते. खोली, टेबल, पदवी, सारे त्याच्या डोळ्यांपुढून गेले.

बंकटच ओशाळला. “जाऊ द्या. तुमी खोलीत व्हता, तुमाला कसं दिसंल?”

“हो,” उत्तरेश्वर म्हणाला, “मी खोलीत होतो.”

बंकटने त्याला वाकून रामराम केला आणि तो फाटकाबाहेर पडला. उत्तरेश्वरला मान वर करवली नाही.