मेघनाने निवडलेली बारकी कार्डं

विठ्ठलवाडीत, आमच्या चाळीच्या तोंडाशी, मेघना कॉम्प्युटर जुळवते. घराच्या पुढच्या खोलीत टेबल, त्यावर रबराची चटई, भिंतीला टांगलेल्या केबली. वय चौतीस. आठ वर्षं कल्याणच्या एका दुकानात मागच्या बाकावर रिपेअरिंग केलं. काम करायची ही, आणि गिऱ्हाइकाशी बाहेर जाऊन बोलायचा मालक. म्हणून सोडलं. आता जुळवलेल्या प्रत्येक मशिनच्या आत ती एक चिठ्ठी चिकटवते: तारीख, काय काय बसवलं, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव.

हे मी आज कौतुकाने लिहितोय. तेव्हा तिचं तोंड बंद करायला मीच पुढे होतो.

मी रवींद्र. शाळा नववीपर्यंत, बाकीचं मोर्चात शिकलो. पालिकेच्या नकाशात नाल्याकाठच्या घरांवरून नव्या रस्त्याची रेघ गेली, तेव्हा लोकांच्या हरकती लिहायला आमच्या वस्तीच्या कमिटीने बुद्धविहाराच्या हॉलमध्ये केंद्र उघडायचं ठरवलं. रस्त्याचा नकाशा, उपग्रहाचा नकाशा, घरांची यादी, जुने उतारे, सगळं एकदम समोर दिसायला हवं. एका बंद पडलेल्या ऑफिसातून सहा मॉनिटर मिळालेले. ते सहाही एकाच कॉम्प्युटरला लावायचे. काम मेघनाला दिलं. ती खूश, कारण शीळफाट्याच्या कॉम्प्युटर क्लासचे सलिल सर वीस मशिनी करून घेणार होते, आणि ‘उद्घाटनाला येतो, तुमचं काम बघतो, मग ठरवू’ असं तिला म्हणालेले.

आम्ही दोघं कल्याणला कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलेलो. मॉनिटरच्या वायरी ज्यात खोचतात त्या ग्राफिक्स कार्डाची गोष्ट निघाली. मेघना म्हणाली, “दादा, नकाशेच बघायचेत. ही बारकी कार्डं घेऊ. एकावर चार स्क्रीन चालतात, दोन लावली की झालं. तापत नाहीत. आणि कार्डं ज्यावर बसतात तो मदरबोर्ड असा घेऊ, की दोन कार्डांच्या खाचांत अंतर असेल.”

बारकी. तो शब्द माझ्या डोक्यात गेला. बाजूच्या काचेत तीन-तीन पंख्यांची जाडजूड कार्डं मांडलेली.

“का गं? आपल्या लोकांना नेहमी बारकंच का?”

“अहो, ती गेम खेळणाऱ्यांची. जाड आहेत. एकाला एक चिकटली तर वरच्याला हवा मिळणार नाही.”

मी तिच्याकडे पाठ केली आणि काउंटरवरच्या माणसाला विचारलं, “शेठ, ही सांगते ते बरोबर आहे का?”

तो हसला. “मॅडम घाबरतायत. दोन खाचा आहेत, दोन कार्डं बसणार. बिनधास्त घेऊन जा.”

मेघनाने त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “ऐकलंस?” आठ मार्चला स्टेजवरून बायकांच्या हक्कांवर पाऊण तास बोललेला माणूस मी.

जाड कार्डांतच पैसे संपले, मदरबोर्ड साधाच घेतला, आणि तिने ती कार्डं त्यावर बसवली. दोन कार्डांच्या मधे बोटही जात नव्हतं. “दुकानदार परत घेत असेल तर बघा,” ती म्हणाली. मी म्हटलं, उद्या उद्घाटन आहे. “मग एका कार्डावर तीनच स्क्रीन लावा, खालचं कार्ड मी काढून ठेवते.” मी म्हटलं, सहा म्हणजे सहा. झाकण लावताना तिने आत चिठ्ठी चिकटवली नाही. मला वाटलं, विसरली.

मे महिना, वर पत्रा, हॉलमध्ये दीडशे माणसं. सहाही स्क्रीन पेटले तेव्हा टाळ्या पडल्या. नाल्याकाठी राहणाऱ्या शकूमावशी पुढे जाऊन स्वतःचं घर शोधायला लागल्या, “अगं बाई, हा आमचा नळ!” सलिल सर पहिल्या रांगेत. दहा मिनिटांत पंख्यांची घरघर सुरू झाली, मग सहाच्या सहा काळे. मेघनाने चालू केलं. पाच मिनिटांत पुन्हा काळे.

आमच्या कमिटीचे अध्यक्ष चांगदेवकाका मोठ्याने म्हणाले, “बायकामाणसाच्या हातात दिलंत, दुसरं काय होणार?”

लोक हसले. सलिल सर घड्याळ बघत उठले. मेघना कॅबिनेटपाशी गुडघ्यांवर बसलेली, तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात माइक होता. मी म्हणालो, “थोडी तांत्रिक अडचण आहे, चहा घ्या.”

एवढंच बोललो. पोलिसासमोर न दबणारा मी काकांसमोर दबलो.

शीळफाट्याचं काम गेलं. मी सरांना फोन केला, ते म्हणाले, “दुसऱ्याला दिलं हो.” मग मेघनाकडे गेलो.

“मेघना, चुकलं माझं.”

“इथे नका बोलू दादा. इथे मी एकटी आहे, आणि मला माहितीच आहे.”

रविवारी वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. म्हटलं, ती कार्डं मी निवडली, मेघना नको म्हणत होती, चूक माझी. चांगदेवकाकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “बघा! मुलीची चूक स्वतःच्या अंगावर घेतो. याला म्हणतात कार्यकर्ता.” आणि टाळ्या पडल्या. माझ्यासाठी.

मागून मेघनाचा आवाज आला.

“दादा, पुढचं पण सांगा. दुकानात तुम्ही कोणाला विचारलंत?”

टाळ्या थांबल्या.

“काउंटरवरच्या माणसाला,” मी म्हणालो.

“तो कॉम्प्युटर जुळवतो का?”

“नाही. विकतो.”

“मग त्याला का विचारलंत?”

पुढच्या रांगेत शकूमावशी माझ्याकडे टक लावून बसलेल्या.

“तो पुरुष होता म्हणून,” मी म्हणालो. “आणि त्या दिवशी काका बोलले तेव्हाही माइक माझ्याच हातात होता. मी गप्प बसलो.”

कोणी टाळी वाजवली नाही. चांगदेवकाका चष्मा पुसायला लागले. मेघना बायकांच्या मधून वाट काढत पुढे आली, कॅबिनेट आडवं केलं आणि खालच्या कार्डाचे स्क्रू काढायला बसली. मी शेजारी जाऊन उकिडवा बसलो. ती मला जा म्हणाली नाही, थांबा पण म्हणाली नाही.