बाजेला लावलेलं औषध

"बाई, खरूज असती तर एवढ्या दिसात गेली नसती का?" शेवंतानं विचारलं.

तिच्या मांडीवर आठ महिन्यांची सुजाता किरकिरत होती. पोरीच्या मानेवर, दंडांवर, पोटऱ्यांवर लाल गांधी उठल्या होत्या. काही खाजवून चिघळल्या होत्या.

प्रश्न बरोबर होता. तीन आठवडे मी तिला खरजेचं पांढरं लोशन देत होते. निदान माझंच होतं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. जाफराबादच्या बाजूच्या एका गावात मी उपकेंद्राची नर्स होते. उपकेंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल, एक कपाट आणि मी. बाळंतपणं, लसी, जखमांची ड्रेसिंग, आणि या सगळ्यांच्या वर फॅमिली प्लॅनिंगच्या केसेसचं टार्गेट.

"झोपते का ही?" मी विचारलं.

"कशाची झोपती! आम्हीच कोणी न्हाई झोपून राह्यलो. दिवसा कामावर डोळे मिटतात. परवा निंदताना खुरपं लागलं." तिनं तळहात पुढे केला. जखम खोल होती.

मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरी फटक. पोरीचीही तशीच. मग पोरीचे हात-पाय नीट पाहिले. खरूज बोटांच्या बेचक्यांत दिसते. हिच्या बेचक्या कोऱ्या होत्या. हे मी पहिल्या दिवशी बघायला हवं होतं.

"चल, तुझं घर दाखव."

घर एका खोलीचं. जमीन सारवलेली, भांडी लख्ख, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. मी बाज उभी केली आणि सुतळी सरकवली. खुरांच्या सांध्यात ढेकूण एकावर एक बसले होते. भिंतीच्या भेगांजवळ काळे ठिपके होते, म्हणजे त्यांची विष्ठा.

शेवंता ओशाळली. "बाई, मी रोज झाडते हो."

"झाडून जात नाहीत ते. तुझा काही दोष नाही."

तेवढ्यात तिचा नवरा भीमराव आला. मी दोघांना बसवून समजावलं. ढेकूण मलेरियासारखा ताप देत नाही, म्हणून कोणी त्याला आजार मानत नाही. पण झोप जाते. खाजवलेल्या जागी पू होतो. आणि घरात एवढे झाले की रोज थोडं थोडं रक्त जातं. मोठ्या माणसाला ते निभावतं, खाणं तोकडं असेल तर त्यालाही नाही. तान्ह्या पोराला तर नाहीच.

"बाज रोज उन्हात टाका. सांध्यात उकळतं पाणी ओता. भेगा लिंपून घ्या. कपडे उकळा."

"पाणी ओतून बघितलं बाई," भीमराव म्हणाला. "डीडीटीवाले आल्ते, त्यानं बिलकुल मरत न्हाईत. उलट जास्तच वळवळतात. एखादं औषध न्हाई का?"

माझी तालुक्याला मीटिंग होती. केसेस कमी म्हणून साहेब उभं करून बोलणार होते. एसटीची वेळ झाली होती. मी पर्स उचलली.

"औषध मिळतं की. तेच लावा जल्दी. पोरीला झोप लागली पाहिजे."

शेवंता हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

चौथ्या दिवशी दुपारी भीमराव पोरीला हातांवर घेऊन धावत आला. मागे शेवंता. सुजाताला झटके येत होते. डोळे वर, तोंडाला फेस. मी तिला घेतलं आणि दुपट्याचा वास नाकात गेला. कपाशीच्या शेतातून जाताना येतो तो वास.

"काय लावलं तुम्ही?"

"औषध. मालकाच्या कपाशीवर मी पंप मारतो ना, ते. सकाळी बाजेला लावलं, भिंतीला लावलं. दोन तास उन्हात वाळवलं. मंग पोरीला टाकलं."

ते एन्ड्रिन होतं. कातडीतूनही अंगात जाणारं विष. लहान जिवाला थोडंसंही पुरतं.

"किती वेळ होती ती बाजेवर?"

शेवंता म्हणाली, "दुपारपर्यंत. गाढ झोपल्ती. इतक्या दिसांनी झोपली म्हणून मी उठवलं न्हाई."

मी पोरीचे कपडे काढले, साबणानं अंग तीनदा धुतलं. सरपंचांनी जीप दिली. आरोग्य केंद्रात डॉक्टरसाहेबांनी झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं. या विषावर उतारा नसतो, फक्त झटके आवरायचे आणि वाट बघायची. चारच्या सुमारास झटके थांबले. श्वासही थांबला.

भीमराव भिंतीला टेकून उभा होता. तो हळू म्हणाला, "बाई, आम्ही त्याला औषधच म्हणतो."



डॉक्टरसाहेबांनी रिपोर्ट लिहायला घेतला. मी म्हणाले, "औषध लावा असं मी सांगितलं होतं. कोणतं ते सांगितलं नाही. तसं लिहा."

"सिस्टर, तुम्ही पाणी ओतायला सांगितलं होतं ना? तेवढं बस झालं." त्यांनी 'घरगुती अपघात' लिहिलं आणि सही केली.

रिपोर्टात आलं नाही ते मी शेवंताच्या घरी जाऊन सांगितलं. चूक माझी होती, भीमरावाची नाही, असं म्हणाले. तिनं ऐकून घेतलं. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मला ते सोपं गेलं असतं. ती उठली आणि माझ्यासाठी चहाचं आधण ठेवलं.

त्या घरात ढेकूण उरले नाहीत. महिन्याभरात शेवंताच्या अंगावरच्या गांधी गेल्या, हाताची जखम भरली. शेवटच्या ड्रेसिंगला आली तेव्हा म्हणाली, "बाई, आता झोप येती. येऊ नये वाटतं, पण येती."

भीमरावानं पुन्हा पंप पाठीला लावला नाही. मालकानं दुसरा माणूस ठेवला.

पुढे मी बावीस वर्षं नोकरी केली. कोणतं औषध, कुठून आणायचं, कुठे लावायचं, कुठे लावायचं नाही, हे समोरच्याकडून परत म्हणवून घेतल्याशिवाय मी जागची उठले नाही. त्याला दोन मिनिटं लागतात.