पाठमोरे फोटो आणि कडू बिअर

पहिणे गाव मागे पडलं आणि ललित पुन्हा रस्त्याकडेच्या एका दगडावर टेकला. श्रावणातला तिसरा सोमवार. ब्रह्मगिरीच्या फेरीला माणसांची नुसती रीघ लागली होती. चिखल तुडवत, 'बम बम भोले' करत बायाबापड्या, पोरंसोरं पुढे निघून जात होती. प्रतिभा त्याच्याजवळ अनवाणी उभी राहिली. दिराला बरं वाटू दे, मी अनवाणी फेरी करीन, असा तिने त्र्यंबकराजाला नवस बोलला होता. आणि ज्याच्यासाठी नवस, तोच दीर सकाळी हट्टाने एसटीत येऊन बसला होता.

"भावजी, परत फिरू या. पुढे घाट आहे."

"फिरून काय होणार? मागचाही रस्ता चालावाच लागेल की." त्याने रुमालाने मान पुसली. "आणि मी नसतो आलो तर देवाने विचारलं असतं, पेशंट कुठाय?"

"असं बोलू नये. आज सोमवार आहे."

"मग मंगळवारी बोलू?"

प्रतिभाला हसू आलं, आणि हसू आल्याचं वाईटही वाटलं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातून तो नुकताच परतला होता. यकृतात गाठ होती आणि ती पसरली होती. डॉक्टरांनी दीपकला, म्हणजे प्रतिभाच्या नवऱ्याला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, घरी न्या, त्यांना खावंसं वाटेल ते खाऊ घाला. पण ललितला काही वेगळं सांगावं लागलं नाही. दादाच्या चेहऱ्यावरून त्याने ओळखलं. घरी म्हाताऱ्या आईला, रंगूबाईंना मात्र कावीळ हटत नाही, एवढंच माहीत होतं.

गळ्यात त्याचा तो जुना कॅमेरा होता. आत रोल नव्हता. शहरात रोल मिळेनासे झाले त्याला दोन-तीन वर्षं झाली होती, तरी घराबाहेर पडताना कॅमेरा गळ्यात लागायचाच.

प्रतिभा लग्न होऊन मखमलाबादला आली, तेव्हा हा कॅमेरा घरात नवा होता. घर फुलांच्या मळ्यातलं. दीपक पहाटे झेंडू-गुलाब घेऊन फूलबाजारात जायचा आणि धाकटा ललित ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर. कारखान्यात रशियन इंजिनियर यायचे. त्यातल्या साशा नावाच्या एकाशी ललितचं जमलं. भाषा दोघांनाही येत नव्हती एकमेकांची. मायदेशी जाताना साशाला इथली एक वस्तू हवी होती, ती म्हणजे रंगूबाईंच्या हातची गोधडी. ललितने गोधडी दिली आणि कॅमेरा घेतला. म्हातारीने ते पुढे कितीतरी वर्षं घोकलं. "माझी गोधडी गेली रशियात, आन् ह्यो काळा डबा आला माझ्या घरात. थंडीत काय डबा पांघरू?"

ललित फोटो काढायचा ते पाठमोऱ्या माणसांचे. गंगेवर अंघोळ करणारी पाठ, बाजारात पाटी डोक्यावर घेतलेली पाठ, कारखान्याच्या गेटमधून आत जाणाऱ्या शंभर पाठी. चुलत भावाच्या लग्नाला त्याला मोठ्या विश्वासाने फोटो काढायला सांगितलं. रोल धुऊन आला, तर नवरीची वेणी, भटजींची शेंडी, पंगतीला वाकलेल्या सदऱ्यांची रांग. नवऱ्यामुलाची आई रडायचीच बाकी राहिली होती. "अरे, तोंडं कुठं गेली सगळ्यांची?"

"तोंडं तर तुम्ही रोजच बघता, काकू," हा म्हणाला.

प्रतिभाने एकदा निवांतपणी विचारलं, की असं का. तो म्हणाला, "समोरून माणूस फोटोसाठी उभा राहतो, वहिनी. मागून तो आपला असतो तसा असतो." तिला ते पटलं. मोठ्याने मात्र ती म्हणाली, "तरी माझा एक समोरून काढा, माहेरी पाठवायचाय." त्याने काढला. तिचे डोळे त्यात मिटलेले आले.

बिअरचं वेडही साशाचंच. त्याचा आजा घरी सातूची, म्हणजे जवाची, बिअर करायचा, हे त्याने हातवारे करून आणि कागदावर चित्रं काढून सांगितलं होतं. ललितने ते डोक्यात ठेवलं आणि वैष्णवी, प्रतिभाची मुलगी, सहा-सात महिन्यांची असताना उकरून काढलं. प्रतिभा तिच्यासाठी नाचणीचं सत्त्व करत होती. मोड आणलेली नाचणी गच्चीवर वाळत घातलेली. हा तिथे उकिडवा बसून बघत राहिला.

"वहिनी, जवाला असे मोड येतील?"

"न यायला काय झालं? नवरात्रात घटाला पेरतोच की आपण. कशाला हवेत?"

त्याने खरं ते सांगून टाकलं. प्रतिभाच्या माहेरी माळकरी, घरात कांदा-लसूणसुद्धा नाही. ती नाचणीवरून हात फिरवत राहिली, मग म्हणाली, "मोड मी आणून देईन. पुढचं मला सांगायचं नाही."

तो करार पाळला गेला. दर हिवाळ्यात ओल्या गोणपाटात जव बांधायचे, मोड फुटले की वाळवायचे, तळहाताने चोळून मुळं झाडायची, मंद आचेवर भाजायचे. एकादशी आली की ती हातही लावायची नाही, जव गोणपाटात पडून राहायचे आणि ललित खोलीबाहेर येरझाऱ्या घालायचा. पुढचं भरडणं, उकळणं, मुरवणं त्याच्या मागच्या खोलीत. साशाकडे कडूपणासाठी कसलीशी फुलं घालतात, ती इथे कुठली मिळायला? ललितने भद्रकालीतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून काडेचिराईत आणलं. दीपकने पहिला घोट घेतला आणि खिडकीतून थुंकला. "अरे, तापावर देतात ते हे! माणसं प्यायची बंद होतील याने."

पण करता करता जमलं. थंडीत केलेली एखादी खेप तर अशी उतरायची, की तो अर्धा ग्लास उन्हात धरून नुसता बघत बसायचा. प्यायचा तेवढाच, अर्धा ग्लास. बाकीची कारखान्यातल्या मित्रांना. कॉलेज रोडला इंटरनेटची दुकानं झाली, तेव्हा एक दिवस तो धावतच घरी आला. "वहिनी, अमेरिकेत लोक हेच करतात! आपापली चव काढतात. त्याला क्राफ्ट बिअर म्हणतात."

"आणि इथं हातभट्टी म्हणतात," दीपक जेवता जेवता म्हणाला. "जरा हळू बोल."

सासरे सावळीराम, घरातले अण्णा, वारले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ललितला एक स्थळ आलं. पिंपळगाव बसवंतची मुलगी, छाया. मुलगी बघून झाली होती, ललितला पसंत होती, आता तिचे वडील आणि मामा घर बघायला आले होते. नेमका त्या खेपेला ललितने बाटल्यांत गूळ जास्त घातलेला, वर एप्रिलचं ऊन. पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या बश्या आणि मागच्या खोलीत फाडकन आवाज.

"दिवाळीचे फटाके राह्यलेत पोरीचे," रंगूबाई घाईघाईने म्हणाल्या.

दुसरा आवाज. तिसरा. मग लागोपाठ. दाराखालून पांढरा फेस वाहत बैठकीत आला आणि मामांच्या चपलेपाशी थांबला. मामांनी वाकून बोट बुडवलं, वास घेतला आणि म्हणाले, "मावशी, फटाके ओले लागलेत तुमचे."

सोयरीक तिथेच मोडली. पिंपळगावहून बातमी नांदगावपर्यंत गेली, पोरगा घरात दारू गाळतो म्हणून. त्यानंतर स्थळ म्हणून कोणी उंबऱ्याशी आलं नाही. ललितने काचा गोळा केल्या, खोली धुतली. प्रतिभा पाणी ओतत होती. "मुलगी चांगली होती," एवढंच तो म्हणाला, आणि पुढे कधी तिचं नावही काढलं नाही.

फोटोंचंही तसंच. शहरातल्या एका प्रदर्शनासाठी त्याने चांगले निवडून फोटो दिले. परत आले. निवडणाऱ्यांपैकी एक जण समजावत म्हणाला, "नजर आहे तुम्हाला. एकदा पुढून काढून बघा." मग डिजिटल आलं, त्याचा ब्लॅक अँड व्हाइटचा कागद मिळेना, मेन रोडचा लॅबवाला मोबाईल विकायला लागला.

आणि मग ही गाठ. गावाने निकाल कधीच देऊन टाकला होता, पीत होता ना घरी गाळून. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की ही गाठ जुन्या काविळीतून झाली आहे, अंगात कधीची दबून बसलेल्या, पिण्याचा इथे संबंध नाही. पण डॉक्टरांचं कोण ऐकतो? रंगूबाई उठता-बसता त्या मागच्या खोलीला शिव्या घालायच्या. प्रतिभा देवासमोर दिवा लावायची आणि तिला ओल्या जवाचा वास यायचा.

घाट सुरू झाला. ललित दहा पावलं चालायचा, काठीवर रेलायचा. एका बाईने वाटेत राजगिऱ्याचे लाडू वाटले. त्याने घेतला, नुसता हातात धरला.

"वहिनी, एक सांगू? जवाचा काही दोष नाही यात."

प्रतिभा दचकली. "मी कुठे काय म्हटलं?"

"म्हटलं नाही. पण यंदा तुम्ही घटाला जव आणायचे नाहीत म्हणालात. आईने सांगितलं मला."

पावसाची भुरभुर आली, तिने पदर डोक्यावर घेतला. मग मनात जे घोळत होतं ते तिने एका दमात बोलून टाकलं. "हे बघा, त्र्यंबकराजा इतका काही कठोर नाही. तुम्ही बरे व्हा, मी स्वतः तुमच्या फोटोंचं प्रदर्शन भरवते. हॉल घेऊ. सगळ्या पाठी लावू भिंतीवर. आणि ती पेटी मी जिवापाड सांभाळीन, निगेटिव्हची."

"पेटीत बुरशी झाली आहे," ललित म्हणाला. "परवा उघडली होती. एकमेकांना चिकटल्यात सगळ्या. ओढल्या की वरचा थर निघून येतो."

"पुसून घेऊ. असतं काहीतरी औषध."

"नसतं, वहिनी."

तो रस्त्याच्या कठड्यावर बसला. समोरून माणसं वर चढत होती, त्याला ओलांडलं की पाठमोरी होत होती. त्याचा हात सवयीने कॅमेऱ्याकडे गेला आणि तसाच खाली आला.

"अण्णांचा दहावा आठवतो?" त्याने विचारलं. "रामकुंडावर. कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं, भटजी घड्याळ बघायला लागले. मग दादा पुढे झाला, हात जोडून म्हणाला, अण्णा, ललितचं लग्न करून देतो. आई बोलली. तुम्हीही बोललात."

"बोललो. मनापासून बोललो होतो."

"माहीत आहे. आणि लगेच शिवला कावळा. सगळ्यांनी सुटल्यासारखे श्वास सोडले. मी मागे उभा होतो. मला वाटलं, अण्णा बिचारे आपल्या शब्दावर विसंबून गेले. शेवटपर्यंत भोळाच माणूस."

"तुमचं चुकलं काय त्यात? नशिबात नव्हतं. आणि आत्ता कशाला ते अभद्र? सोमवार आहे, फेरीत आहोत..."

"आत्ताच सांगतो, घरी आईसमोर जमायचं नाही." त्याने लाडू तिच्या हातात दिला, उठायला काठी रोवली, पण उठला नाही. "माझ्या वेळी काही कबूल करायचं नाही, वहिनी. प्रदर्शन भरवू, पेटी सांभाळू, वैष्णवीला कॅमेरा शिकवू, असलं काही नाही. कावळा नाही शिवला तर नाही. दर्भाचा करायचा, पाणी सोडायचं आणि घरी जेवायला जायचं. दादा हळवा आहे, तो हात जोडून पुढे होणार. तेव्हा त्याचा हात धरून त्याला मागे घ्या. तुमचं तो ऐकतो. एवढं कराल माझ्यासाठी?"