साडीत झाकलेलं पोट

माझ्या धाकट्या जावेच्या डोहाळजेवणात माझीही ओटी भरली गेली. मी गरोदर नव्हते. माझ्या जुळ्या मुली तेव्हा तीन वर्षांच्या होऊन गेल्या होत्या.

झालं असं, की बेल्ह्याहून आमच्या चुलतसासूबाई आल्या होत्या. आमच्या येडगावला त्यांचं येणं कार्यापुरतंच, त्यामुळे घरातली खबरबात त्यांना अर्धीमुर्धीच ठाऊक. पाच सवाष्णींनी जावेची ओटी भरली. मी पाटाभोवतीची रांगोळी सारखी करून कमरेवर हात ठेवत उभी राहिले, तर या बाई नारळ घेऊन माझ्यापुढे हजर. "दोन्ही सुना जड हायेत, मग एकीचीच का? पदर धर गं," म्हणाल्या. मी नुसती आ वासून बघत राहिले, तोवर तांदूळ, खण, नारळ सगळं पदरात पडलंसुद्धा. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

आमच्याकडे भरलेली ओटी परत देत नाहीत. तिचे तांदूळ दुसऱ्याला द्यायचे नाहीत, जिची ओटी तिनंच शिजवून खायचे. तेव्हा नसलेल्या बाळासाठी आलेल्या तांदळाची खीर मी दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसून एकटीनं संपवली. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मला लाज वाटली, पण माझ्या सासूबाईंना माझ्या दुप्पट वाटली. पाहुणे पांगल्यावर त्या म्हणाल्या, "चार बायांत शोभा झाली. बाळंतपणात पोट बांधलं न्हाई, म्हणून ही दशा."

हे ऐकून माझं डोकं सणकलं. माझं सिझर झालं तेव्हा माझी आई जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं घेऊन पोट बांधायला आली होती. याच सासूबाईंनी तिला दारातच सांगितलं होतं, "टाक्याला लागंल, न्या तुमचं लुगडं." आईनं ते मुकाट्यानं पिशवीत घातलं आणि परत नेलं. मी तेव्हाही काही बोलले नाही आणि आताही बोलले नाही. मनातल्या मनात मात्र मी त्या दिवशी फार बोलले.

खरं सांगायचं तर पोट दिसतं कसं, याचं मला तितकंसं दुःख नव्हतं. बेंबीखाली कातडी ओघळली होती, ती साडीत झाकली जायची. माझं दुखणं वेगळंच होतं. पाठीवर झोपलं की मला सरळ उठता यायचं नाही. कुशीवर वळायचं, कोपर टेकायचं, मग गुडघ्यावर हात देऊन उभं राहायचं. टोमॅटोचं कॅरेट उचललं की बेंबीच्या वर मधोमध एक उंचवटा यायचा आणि संध्याकाळी कंबर तुटून पडायची. हे मी घरात सांगितलं होतं. "दोन पोरं एकदम काढल्यावर व्हणारच," एवढंच उत्तर मिळालं. पोट चारचौघांत दिसलं, तेव्हा कुठे घर जागं झालं.

पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई मंचरला ठरावीक वारी येत, त्यांच्याकडे मला नेलं. माझ्या नवऱ्यानं मोबाइलवर पोटाच्या ऑपरेशनचे व्हिडिओ बघून आधीच निम्मी डॉक्टरकी केली होती. बाईंनी मला टेबलावर आडवं केलं आणि नुसती मान उचलायला सांगितली. मग बेंबीच्या वर बोटं दाबली. ती आत गेली. सगळी आत गेली.

"पोटाचे स्नायू मधून फाकलेत," त्या म्हणाल्या. "इतके फाकले की व्यायामानं थोडं बरं वाटेल, पण पूर्ण मिटणार नाहीत."

"बाळंतपणात बांधलं असतं तर?" मी विचारलं.

"आधार वाटला असता. पण एवढं फाकलेलं बांधून जुळत नाही."

मला तिथेच हसू आलं. एवढी वर्षं दोन घरांच्या मनात एका लुगड्याची अढी होती!

मग त्यांनी कागदावर पोट काढून दाखवलं. एक छोटं ऑपरेशन. त्यात बेंबीच्या खालची ओघळलेली कातडी तेवढी काढायची. माणूस लवकर कामाला लागतं. एक पूर्ण. त्यात कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत छेद, आतले स्नायू वरपासून खालपर्यंत शिवून घ्यायचे, बेंबी पुन्हा जागेवर बसवायची. त्यानंतर दीड-दोन महिने जड काहीही उचलायचं नाही. आणि पुढे मूल नको असेल तरच ते करायचं.

"तुम्हाला काय त्रास होतो, त्यावर ठरवा," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "कंबर आणि उठणं-बसणं यासाठी आला असाल तर छोट्याचा उपयोग नाही. माझा सल्ला पूर्णचा आहे."

मी "पूर्ण" म्हणायला तोंड उघडलं, तोच नवऱ्यानं विचारलं, "दोन म्हैने म्हंजे, कॅरेट बी न्हाई?"

"कॅरेट नाही, पाण्याची कळशी नाही, मुलींनासुद्धा कडेवर घ्यायचं नाही."

"टोमॅटोचा तोडा तोंडावर आलाय वो मॅडम. आन वरचं पोट साडीत कोण बघतंय? छोटंच करा."

बाईंनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा," म्हणाल्या. काय सांगणार होते मी? घरच्यांना रोज तोंड मला द्यायचं होतं, त्या बाईंना नव्हतं. तरी मी म्हणाले, "मला पूर्ण पाहिजे होतं." पाहिजे होतं! हवी ती गोष्ट मागतानासुद्धा ती संपल्यासारखी मागितली. नवरा हसत म्हणाला, "हिला काय कळतंय, घाबारलीय." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि घरी जाऊन विचार करून या म्हणाल्या. विचार घरी गेल्यावर सासूबाईंनी केला. त्यांचंही मत छोट्यालाच पडलं.

पुण्यात छोटं ऑपरेशन झालं. आधी बाईंनी मला पुन्हा बजावलं की यानं कंबरदुखी थांबणार नाही, आणि मी मान डोलावली. तोडा सुरू झाला तेव्हा मी वावरात होते. त्या वर्षी आमच्या घराचा केवढा मान वाढला! बेल्ह्याच्या चुलतसासूबाईंनी हळदी-कुंकवाला माझी कंबर चाचपून बघितली आणि म्हणाल्या, "लई ग्वाड झाली पोरगी." सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमी सुनंला काय कमी करत न्हाई, पुन्याला न्हेऊन आपरेशन केलं." नवऱ्यानं माझा साडीतला फोटो मोबाइलवर सगळ्यांना पाठवला. फोटोत मी खरंच छान दिसते. त्या फोटोची मला शिसारी आहे.

कॅरेट उचललं की उंचवटा अजून येतो. आता मी आईकडून तेच जुनं लुगडं मागून आणलंय. वावरात जायच्या आधी परकराखाली पोटाभोवती घट्ट गुंडाळते, तेवढाच आधार. एकदा सासूबाईंनी पाहिलं. "आता कशाला बांधतीस? प्वाट तर गेलं की," म्हणाल्या.

हे सगळं मी गिळलं असतं. बाई पुष्कळ काही गिळते, त्यात हे एक. पण परवा दुपारी मी धान्य निवडत होते आणि मुली पडवीत चटईवर घर-घर खेळत होत्या. नवरा खाटेवर मोबाइल बघत होता. एकीनं दुसरीला झोपवलं आणि म्हणाली, "ऊठ आता, सकाळ झाली." दुसरी कुशीवर वळली, कोपर टेकलं, गुडघ्यावर हात ठेवून "आई गं" म्हणत उठली. मग पहिली झोपली, आणि तीही अगदी तशीच उठली. त्यांच्या पोटात काही फाकलेलं नाही. माणूस असंच उठतं, अशी त्यांची समजूत आहे.

माझ्या हातातलं सूप तिथेच पडलं. "असं काय म्हाताऱ्यासारखं उठताय? सरळ उठा!" मी किंचाळले. नवऱ्यानंही मान वर केली.

मुली घाबरल्या नाहीत, नुसत्या गोंधळल्या. थोरली चटईवरून बाजूला सरकली, मला जागा केली आणि म्हणाली, "सरळ कसं उठायचं? तू दाखव."

मी आडवी झाले. मान उचलली, दात आवळले, हात चटईवर रेटले. पाठ चटई सोडेना. दोघी वाकून बघत होत्या. खाटेवरून तोही बघत होता, आणि मोबाइल अजून हातातच होता.

"मला येत नाही," मी पडल्या पडल्या म्हणाले.

"मग आमाला का वरडती?" धाकटी म्हणाली, आणि मला उठवायला तिनं हात पुढे केला.