बाराच्या गाडीची चाल

शहादा स्टँडवरून पुण्याची गाडी सुटायला दहा मिनिटं उरली होती आणि आबा केबिनमधून बाहेर यायला तयार नव्हते. माझे वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळा स्टँड त्यांना कंट्रोलर म्हणायचा. एकुलती एक मुलगी पहिल्यांदा घर सोडून शिकायला निघाली होती, पण त्यांनी माइकवर माझी गाडी इतर कुठल्याही गाडीसारखी पुकारली, कोरड्या आवाजात, फलाट क्रमांक दोनदा सांगून. आई डोळे पुसत होती. ड्रायव्हरने गाडी सुरू केली तेव्हा कुठे आबा खिडकीशी आले. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलतील. ते माझ्या पिशवीच्या बंदाकडे बघत म्हणाले, "उज्जू, हात पिशवीवर ठेव. शेजारनी बाई गोड बोलनी तं जास्ती ध्यान ठेव." शेजारची बाई हे ऐकत होती. धुळं येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

पुण्याहून मी पुढे जर्मनीला गेले आणि आता बरीच वर्षं हॅम्बुर्गला आहे. आठवडाभर एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. सुट्टीच्या दिवशी बुद्धिबळाच्या स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभी राहते. पंचांतही माझं काम वेगळं आहे. त्याला इथे फेअर प्ले ऑफिसर म्हणतात. शहाद्याच्या भाषेत सांगायचं तर झडती घेणारी. जगातले नावाजलेले ग्रँडमास्टर कडक इस्त्रीचे कोट घालून येतात आणि माझ्यापुढे हात वर करून उभे राहतात. मी त्यांच्या कानात बॅटरी मारून बघते, पेनं उघडते, घड्याळं काढून घेते, वेळ पडली तर बूटही काढायला लावते. कोण किती वेळा बाथरूमला गेलं आणि परत आल्यावर कशी चाल खेळलं, याची माझ्याकडे नोंद असते. सहकारी म्हणतात, तुझ्याइतकं संशयी माणूस आम्ही पाहिलं नाही. त्यांनी आबांना पाहिलेलं नाही.

आणि हा संशय काही कामापुरता नाही. इथे नवीन घरात राहायला आले तेव्हा शेजारच्या म्हातारीने केक आणून दिला. दोन दिवस मी तो खाल्ला नाही, हिला माझ्याकडून काय हवंय याचा विचार करत बसले. तिला काहीच नको होतं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना हे ओळखीचं वाटेल. परक्या गावात सावध राहावंच लागतं, असं आपण एकमेकांना सांगतो. मीही तेच सांगत आले. पण माझा संशय परक्या गावात जन्मला नाही. तो आमच्या घरात, जेवायच्या वेळेला जन्मला.

त्याची गोष्ट अशी. अक्कलकुव्याच्या गाडीवर जालमसिंगकाका म्हणून एक कंडक्टर होते. सातपुड्यातल्या एका पाड्यावरचे, घरात भिली बोलणारे, आमच्याशी मात्र झकास अहिराणी. त्यांचा आणि आबांचा बुद्धिबळाचा डाव चालायचा, पट न मांडता. जालमसिंगकाकांची गाडी सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला शहाद्यात लागायची. सुटताना ते दारात उभे राहून त्यांची चाल ओरडून सांगायचे, "घोडा वजीरना पुढे!" आणि घंटी मारायचे. पुढच्या फेरीला गाडी लागली की आबा उत्तराची चाल सांगायचे. चारची गाडी मुक्कामी जायची, त्यामुळे तिचं उत्तर सकाळी आठला. अशा दिवसाला तीन चाली, तीन उत्तरं आणि एक बाजी कधीकधी दोन आठवडे. चहाच्या कँटीनवाल्यापासून हमालापर्यंत सगळे त्यात गुंतलेले. सोंगट्या कुठे आहेत हे त्यातल्या कोणालाच माहीत नसायचं. ते फक्त त्या दोघांच्या डोक्यात होतं आणि त्याचं लोकांना फार कौतुक होतं.

बहुतेक बाज्या जालमसिंगकाका जिंकायचे. आबा घरी येऊन धुमसायचे. एके दिवशी जेवताना म्हणाले, "डोंगरमाना माणूस. इतलं डोकामा ऱ्हास का? त्याना दप्तरमा कागद शे. तो देखी देखी खेयस." आई म्हणाली, असेल त्यांचं डोकं चांगलं. आबांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती पोळ्या करायला आत गेली. दुसऱ्या दिवशी ते बाजारातून पुठ्ठ्याचा पट आणि लाकडी सोंगट्या घेऊन आले. "तो देखस तं आपीन कसाले आंधया ऱ्हावानं?" असं म्हणून त्यांनी पट पिठाच्या डब्यावर मांडला.

मी अकरा वर्षांची होते. शाळेत खेळाच्या सरांनी आम्हाला नुकतंच पुस्तकातलं बुद्धिबळ शिकवायला घेतलं होतं आणि मी त्यात वेड्यासारखी रमले होते. माझी शाळा सकाळची असायची. आबा दुपारी जेवायला आले की जालमसिंगकाकांची चाल पटावर मांडायचे आणि मी उत्तर शोधायचे. संध्याकाळीही तेच. मी सगळ्या चाली शाळेच्या एका वहीत लिहून ठेवायचे. आबा जिंकायला लागले. स्टँडवर त्यांची मान ताठ झाली, आणि मला काय आनंद व्हायचा ते सांगून समजणार नाही. मी खोटेपणा करतेय असं एकदाही मनात आलं नाही. समोरचा चोर आहे हे आबांनी सांगितलंच होतं.

मग एका दिवशी आबा घरी आले आणि पटाकडे न बघताच बसले. त्यांनी जालमसिंगकाकांचं दप्तर तपासलं होतं. "काय निंघनं?" आईने विचारलं. "काहीच नही. हुशार शे, घर ठेवत व्हई," आबा म्हणाले. त्यानंतर जालमसिंगकाका त्या गाडीवर दिसले नाहीत. त्यांनी दुसरा रूट मागून घेतला. आबा सगळ्यांना सांगायचे, हरला म्हणून पळाला. मीही तेच मानलं. पट न बघता कोणी खेळूच शकत नाही, जो खेळतो त्याने कुठेतरी पट लपवलेला असतो, हे मी त्या वयात शिकले आणि त्यावरच पुढे माझं सगळं काम उभं राहिलं.

मागच्या वर्षी इथे जवळच एका समुद्रकाठच्या हॉटेलात मोठी स्पर्धा होती. दिवसात दोन बाज्या. एक पट न बघता, खेळाडूच्या पुढे फक्त कोरा स्क्रीन. दुसरी रॅपिड, प्रत्येकाला पंचवीस मिनिटं. खेळायला जगातले मोजके बारा जण. त्यातला एक उंच, वाकून चालणारा, चाळिशीचा ग्रँडमास्टर होता. रॅपिडमध्ये तो बरा खेळायचा, पण पट न बघता असा खेळायचा की माझी खात्रीच पटली. तीन दिवस मी त्याच्या मागावर होते. चौथ्या दिवशी बाजी संपल्यावर मी त्याला बाजूच्या खोलीत नेलं. बूट, पट्टा, चष्मा, कानाचा आतला भाग, सगळं बघितलं. काहीच निघालं नाही. तो बूट घालत छताकडे बघून बोलायला लागला. पहिल्या चालीपासून अख्खी बाजी त्याने म्हणून दाखवली, कुठे चुकला आणि कुठे घाबरला तेही सांगितलं. मग शांतपणे विचारलं, "हे जमू शकतं, असं तुम्हाला वाटतच नाही का?"

मी माफी मागितली. पण त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर एकच होतं. नाही, वाटत नाही. अकरा वर्षांची असल्यापासून कधी वाटलंच नाही. घरी येताना ट्रेनमध्ये मला पहिल्यांदा वेगळी शंका आली, आणि ती जालमसिंगकाकांबद्दल नव्हती, आबांबद्दल होती.

सुट्टीत गावी गेले तेव्हा आबांना न सांगता अक्कलकुव्याची गाडी धरली. महामार्गाला लागून जालमसिंगकाकांच्या मुलाचं पंक्चरचं दुकान आहे, मागे घर. काका बाहेर खाटेवर बसले होते. सत्तरी ओलांडलेली, पण मला लगेच ओळखलं. "कंट्रोलरनी पोर ना तू?" मी हो म्हटलं, आणि आता लाज वाटते, पण मी तिथेही तपासणीच सुरू केली. विचारलं, काका, शेवटची बाजी आठवते का? माझी ती जुनी वही पिशवीत होती. मी ती मांडीवर उघडून बसले.

जाणाऱ्या ट्रककडे बघत त्यांनी चाली सांगायला सुरुवात केली. मी वहीत बोट सरकवत होते. एका ठिकाणी मी त्यांना थांबवलं, म्हटलं, इथे हत्ती होता. ते म्हणाले, "नही. उंट व्हता. हत्ती तठे जाईच शकत नही." मी पुन्हा पाहिलं. त्यांचं खरं होतं, लिहिताना मीच चुकले होते.

मग ते मध्येच थांबले. "हाई बारानी गाडीनी चाल. हाई तुन्हा बापनी." पुढची चाल सांगून म्हणाले, "हाई चारनी. हाई त्यानी नही." मी विचारलं, कसं कळलं? ते हसले. कंडक्टरला वेळ कळते, म्हणाले. आठ ते बारा आबा स्टँडवरच असायचे, तेव्हा ते स्वतःच्या डोक्याने खेळायचे. जेवायला घरी जाऊन आले की दुसराच माणूस खेळायचा. सकाळी आठलाही तोच दुसरा माणूस. हॅम्बुर्गमध्ये खेळाडूंच्या वेळा टिपायला मला संगणक लागतो. या माणसाने ते घंटी मारता मारता टिपलं होतं.

"मंग एक दिन चारनी गाडीले त्यानी सांगं, राजा दोन घर सरकना आनि हत्ती त्याना वरथीन उडना. आमना डावमा राजाले एकदाव घोडानी उडी ऱ्हास, बस. असं काही ऱ्हासच नही. मी इतलंच इचारं, साहेब, हाई चाल कोनी शिकाडी?"

तो किल्लेकोट होता. स्टँडवरच्या देशी खेळात नसलेली, पुस्तकातली चाल. सरांनी त्याच आठवड्यात शिकवली होती आणि मी हौसेने खेळले होते. तिथली माणसं तशी खेळत नाहीत हे माझ्या लक्षात आलं नाही, आणि पुस्तकात आहे म्हटल्यावर आबांनीही ती तशीच पुढे सांगितली. चारचौघांत तो प्रश्न आल्यावर आबा गोंधळले आणि उलट त्यांच्याच अंगावर गेले. तूच कागद बघून खेळतोस म्हणाले आणि सगळ्या लोकांसमोर जालमसिंगकाकांचं दप्तर बाकावर ओतलं.

"ती चाल माझी होती, काका," मी म्हटलं. "पट आमच्या घरी होता."

त्यांनी माझ्या मांडीवरच्या वहीकडे पाहिलं. "कितली व्हतीस तू?" अकरा, मी म्हटलं. "माले वाटे, नंदुरबारना कोनी मास्तर शे." मग त्यांचा आवाज बदलला. "हारानं दुख नही, पोरी. माले चोर म्हना. आनि मी बोलतू तं कोन मानतं? तो कंट्रोलर, मी डोंगरना." मी हात जोडले. त्यांनी ते खाली केले. "तू ल्हान व्हतीस. तू नको सांगू. त्याले सांगू दे."

घरी येऊन मी आबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्याना घर पट व्हताच." मी म्हटलं, आबा, पट आपल्या घरी होता. "तू ल्हान व्हतीस, तुले काय याद?" मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दोन पानं उलटली, मिटली आणि आईला चहा ठेवायला सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून स्टँडवर गेले. तासाभराने परत. "गाडी चुकनी," म्हणाले. तिसऱ्या दिवशीही गाडी चुकली. उभं आयुष्य ज्यांना शहाद्याचं वेळापत्रक पाठ, त्यांची रोज एकच गाडी चुकत होती. चौथ्या दिवशी मला निघावं लागलं.

इथे परत आल्यावर दहा-बारा दिवसांनी आबांचा फोन आला. "जाई उनू अक्कलकुवाले," म्हणाले. काका काय म्हणाले? "काय म्हनई? चहा पिधा." मी विचारलं, तुम्ही सांगितलं का त्यांना? "सांगं", म्हणजे सांगितलं, एवढंच म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला, आणि आई घाईघाईने थंडीबद्दल विचारायला लागली.

खरं सांगू? माझा विश्वास बसला नाही. कुठल्या गाडीने गेले, कितीला परतले, आईने विषय का बदलला, हे सगळं त्याच क्षणी माझ्या डोक्यात रांगेने उभं राहिलं. जालमसिंगकाकांच्या मुलाचा नंबर माझ्याकडे आहे. दोन मिनिटांचं काम. पण तो फोन म्हणजे आबांची झडती, आणि एका चुकीच्या झडतीने काय होतं ते मी अक्कलकुव्याच्या खाटेवर बघून आलेय.

इथे लोक विचारतात, तुझं घर कुठलं? पूर्वी मी पटकन शहादा म्हणायचे. आता वाटतं, बाकीचं सगळं जग मी तपासून घेते. तिथल्या एका हट्टी म्हाताऱ्याचा एक शब्द, जो खोटा असायची बरीच शक्यता आहे, तेवढा मी न तपासता ठेवलाय. माझ्यासाठी घर एवढंच उरलंय. रोज तो नंबर काढते आणि फोन खाली ठेवते. अजून तरी लावलेला नाही.