'इस्लाम म्हणजे'च्या पुढची ओळ

सर चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागले, की आम्ही ओळखायचो, आजची बैठक बुडाली. मग ठरलेलं वाक्य यायचंच. "पैले व्याख्या करो, मियाँ!"

सर औरंगाबादेत एका कॉलेजात फारसी शिकवायचे. निवृत्तीआधी 'इस्लामचा अभ्यास' हा विषय सुरू करायचा, एवढी एकच आस होती त्यांना. त्यासाठी समिती नेमली. मी मराठीचा, मला घेतलं ते अक्षर बरं म्हणून. अभ्यासक्रमाची पहिली ओळ 'इस्लाम म्हणजे' अशी सुरू झाली, आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं.

एक प्राध्यापक म्हणायचे, ग्रंथात आहे तो इस्लाम. दुसरे म्हणायचे, माणसं पाळतात तो. सरांना दोघांचंही पटायचं! बाहेर विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे निघत, कॉलेज बंद पडे, वाळूजला नवनवे कारखाने उभे राहत. आमची समिती आपली त्या 'म्हणजे'वर ठाण मांडून.

एकदा मात्र दोघं एका वाक्यावर राजी झाले. सरांनी खूश होऊन सगळ्यांना नान-खलिया खाऊ घातला आणि मला घेऊन खुलताबादच्या उरुसाला निघाले. तिथं दर्ग्याच्या पायरीवर कन्नडकडची एक धनगर बाई नुकत्याच व्यालेल्या शेळीचं दूध दर्ग्यात वाहायला घेऊन उभी.

"तुम्ही हिंदू ना?" सरांनी विचारलं.

"व्हय. पण शेळ्या तर बाबानंच राखल्या ना!"

सरांचा हात चष्म्याकडं गेला. मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वाक्य स्वतःच खोडलं. "ती बाई यात बसत नाही."

"मग वगळा ना तिला, सर! विषय तरी सुरू होईल."

"कैसे वगळू? दर्ग्यानं दूध तर ठेवून घेतलं ना तिचं!"

पुढं केवढा लढा होऊन विद्यापीठाचं नाव बदललं. आमची ओळ काही ठरली नाही. सर निवृत्त झाले, विषय राहिलाच. निरोपाच्या दिवशी त्यांनी चष्मा काढला, पण पुसले ते डोळे. मला फार वाईट वाटलं.

सर गेले, तेव्हा तिसऱ्या दिवशीच्या जियारतीला, म्हणजे त्यांच्यासाठी दुआ मागायला, आम्ही सगळे त्यांच्या घरी जमलो. फातेहा झाला, ताटं आली. ग्रंथवाले पुटपुटले, "हे जेवण ग्रंथात कुठं सांगितलंय?" माणसंवाले उसळले. जुंपली की हो! मी सवयीनं सरांच्या खुर्चीकडं पाहिलं.

पडद्याआडून सरांच्या पत्नीचा, आमच्या भाभींचा, आवाज आला. "झगडा त्यांना आवडायचा. तुम्ही आधी जेवून घ्या."

दोघंही मांडी घालून बसले. ग्रंथवाल्यांचं ताट मीच पुढं सरकवलं.